बॅकअप गावाला गेला

आमच्या कंपनीला आग लागली असती, ऑफिसात पाणी शिरलं असतं, छतावर एखादं क्षेपणास्त्र येऊन पडलं असतं, तरी काही बिघडणार नव्हतं. या सगळ्याची सोय मी कागदावर करून ठेवली होती. एकाच संकटाचा विचार राहिला. गावाला जाणाऱ्या माणसाच्या हाती पुडकं द्यायची आमच्या घरची सवय.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. बहरीनमध्ये एसी बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळत होतो. सांभाळत होतो हाच शब्द बरोबर. माझं निम्मं काम त्याच्यावरची वाळू पुसायची आणि निम्मं काम इतरांना ‘हात लावू नका’ असं सांगायचं. पण त्या पेटीत कंपनीचा जीव होता. कुठल्या इमारतीत कोणता एसी आहे, त्यात कधी गॅस भरला, कुणाचा कॉम्प्रेसर मरायला टेकलाय, कुणाची सर्व्हिसिंग चुकलीय, सगळं त्यात. आणि बहरीनच्या उन्हाळ्यात ज्याचा एसी बंद पडलाय तो माणूस फोनवर जे बोलतो, ते अरबी न येणाऱ्यालासुद्धा नीट कळतं.

आमच्या मॅनेजरला सगळे ‘मुदीर’ म्हणायचे. बहरीनचेच होते. पांढरा शुभ्र पायघोळ झगा, मऊ आवाज, आणि इंग्रजी, हिंदी, अरबी यांची त्यांनी स्वतः तयार केलेली मिसळ. कुवैतच्या युद्धात तेलाच्या विहिरी जळाल्या तेव्हा आमच्याकडचं आकाशसुद्धा काळवंडलं होतं. त्या दिवसांत ते खिडकीपाशी उभे राहून म्हणे विचार करायचे, उद्या हे ऑफिसच राहिलं नाही तर? युद्ध संपून वर्षं झाली, धूर गेला, विचार गेला नाही. शेवटी त्यांनी मला बोलावून सांगितलं, “एक प्लॅन लिख. डिझास्टर आया, तो कंपनी कैसा बचेगा.”

मी लिहिला. असा लिहिला की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस आधी एखादं राज्य सांभाळून आलाय. जड इंग्रजी, परिच्छेदांना आकडे, आकड्यांच्या पोटात आणखी आकडे. त्यातला अर्क मात्र एका ओळीत मावला असता: दर गुरुवारी कॉम्प्युटरमधला सगळा डेटा एका कॅसेटवर उतरवायचा आणि ती कॅसेट ऑफिसात ठेवायची नाही.

“फिर किधर?” मुदीरनी विचारलं.

“माझ्या घरी, सर,” मी म्हणालो. देशासाठी जमीन दान केल्याच्या थाटात.

आता आमचं घर. ते मुहर्रकला होतं, विमानतळाच्या इतकं जवळ की विमान उतरताना बायको ताटातली वाटी धरून ठेवायची. भाडं कमी म्हणून घेतलेलं. त्याचा फायदा आमच्याआधी इतरांच्या लक्षात आला. रजेवर गावाला जाणारा प्रत्येक कोकणी माणूस विमानाआधी आमच्याकडे चहाला टेकायचा. मग ज्यांना गावाला काही पाठवायचं असेल ते आदल्या दिवशीच आणून ठेवायचे. साबण, बाम, दूध पावडर, कुणाच्या भाचीसाठी चपला, कुणाच्या सासऱ्यासाठी बॅटरी. आमच्या बाहेरच्या खोलीतून दर आठवड्याला काही ना काही रत्नागिरी जिल्ह्याच्या दिशेने निघायचं. कंपनीचा जीव सुरक्षित ठेवायला मी बहरीनमधली नेमकी ही खोली निवडली होती.

आणि या पुडक्यांत आमच्या घरची एक वस्तू ठरलेली असायची. कॅसेट.

माझ्या आईला वाचता येत नाही. फोन गावात एकच, किराणा दुकानात, आणि त्याचं बिल ऐकून माणूस बोलायचं ते विसरायचा. म्हणून आम्ही कॅसेट भरून पाठवायचो. एका बाजूला मी, बायको आणि आमची मुलगी बोलायचो. आई ती ऐकायची, शेजारणीला ऐकवायची, आणि मग दुसऱ्या बाजूला आपलं उत्तर भरून तीच कॅसेट परत धाडायची. आमच्यासारखीच सगळ्यांची रीत. बहरीन आणि कोकणामध्ये त्या काळी किती सासवा-सुना कॅसेटींतून भांडत होत्या, त्याला गणती नाही.

कंपनीच्या त्या यंत्राची कॅसेट दिसायला हुबेहूब गाण्याच्या कॅसेटसारखी होती. पाठीवर एक खाच जास्त, एवढाच फरक. आणि कडेला एक इवलीशी प्लास्टिकची खिट्टी. ती सरकवली की तिच्यावर नवं काही भरता येत नाही, म्हणजे जुनं पुसलं जात नाही. माझ्या प्लॅनमध्ये या खिट्टीवर एक अख्खा परिच्छेद होता.

अशा दोन कॅसेटी होत्या. एक घरी असायची, दुसरी ऑफिसात. गुरुवारी ऑफिसातलीवर ताजा डेटा भरायचा, ती डब्याच्या पिशवीतून घरी न्यायची, आणि घरची शनिवारी परत आणायची. घरी तिची जागा टेपरेकॉर्डरशेजारच्या फळीवर. का, तर एसीचा वारा तिथेच चांगला यायचा. गावाला जाणारी कॅसेटही त्याच फळीवर असायची, कारण टेपरेकॉर्डर तिथे.

आमचे स्टोअरकीपर रत्नागिरीकडचेच, आमच्या गावच्या खाडीपलीकडचे. वयाने मोठे, म्हणून मी आणि बायको दोघंही त्यांना चाचा म्हणायचो. ते त्या शनिवारी रात्री रजेवर निघाले. दारात टॅक्सी उभी, आत चाचा उभे.

“बाय, चाय नको गं. इमान सुटंल.”

“सुटतंय कसं? आमच्या घरावरूनच जायचंय त्याला,” बायको म्हणाली आणि चहा दिलाच. मग तिने पुडक्यात साबण घातला, बाम घातला. “अहो, कॅसेट?”

मी वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. “ती फळीवर आहे ना, ती.”

फळीवर ती होती, आणि तीही होती. बायकोने एक उचलली.

पुढचा गुरुवार उजाडला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. माझ्या व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद मुदीरच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. माझा व्हिसा म्हणजे नुसता माझा नव्हता. त्याला मागे बायकोचा आणि मुलीचा जोडलेला. मुलगी नुकती शाळेत रुळली होती, घरात मराठी समजून इंग्रजीत उत्तरं देऊ लागली होती. मुदीरची सही झाली की आम्ही तिघं राहणार, नाही झाली की आम्हीच पुडक्यासारखे गावाला जाणार. सरळ हिशेब.

दुपारी मी ऑफिसातल्या कॅसेटवर डेटा उतरवायला लावला. अर्धं काम झालं असेल, आणि दिवे फडफडले. एसीच्या कंपनीत सगळे एसी एकदम लावले की असं व्हायचं; पेशंटपेक्षा डॉक्टरची तब्येत नाजूक. कॉम्प्युटरच्या पोटातून अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. पडदा काळा झाला तो झालाच. डिस्क मेली. आणि कॅसेट अर्धी जुनी, अर्धी नवी, म्हणजे दोन्हीकडून निकामी.

मुदीर स्वतः उठून आले. “बॅकअप?”

“घरी आहे सर. इंशाल्ला.”

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. “इंशाल्ला मैं बोलेगा. तू येस बोल.”

“येस, सर.”

“यल्ला,” ते म्हणाले आणि गाडीची किल्ली घेतली.

मुदीरच्या गाडीतून मी मुहर्रकला गेलो. पुलावर दोन्ही बाजूंना निळं पाणी, आणि माझी छाती फुगलेली. खोटं कशाला सांगू, मला मनातून आनंदच झाला होता. इतकी वर्षं प्लॅन लिहून ठेवलाय आणि डिझास्टर काही येत नाही, याची थोडी खंत होती. आज आला होता. दार उघडल्यावर बायको आधी मला बघून चकित झाली, मग मागे मुदीरना बघून डोक्यावर पदर शोधू लागली, अंगात गाऊन आहे हे विसरून. मी फळीवरची कॅसेट उचलली, मुदीरना दाखवली आणि म्हणालो, “सर, युवर कंपनी.”

ऑफिसात तात्पुरती दुसरी डिस्क बसवून मी कॅसेट यंत्रात सारली. यंत्राने ती बाहेर काढली. पुन्हा सारली. पुन्हा बाहेर. न आवडणारी भाजी मूल जसं जिभेनं ढकलतं, तसं. मी कॅसेट उलटी करून पाहिली. पाठीवर खाच नव्हती.

“क्या हुआ?” मुदीरनी विचारलं. त्यांनी माझ्या हातातून कॅसेट घेतली, निरखली. “ये तो मेरा गाडी का कॅसेट जैसा है.” आणि बातम्या ऐकायचा त्यांचा टेपरेकॉर्डर होता, त्यात घालून बटण दाबलं.

“आई, नमस्कार करते,” माझी बायको म्हणाली. संपूर्ण ऑफिसभर म्हणाली. “कुळथाचं पीठ संपलंय. आमसुलं मागच्या खेपेला ओली होती, वाळवून धाडा.” मग माझ्या मुलीने शाळेतली एक इंग्रजी कविता म्हटली, मध्येच विसरली, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मग घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मी सुरू झालो.

“आई, माझी काळजी करू नको. मुदीर माझ्याशिवाय चहा पीत नाही. परवा मला म्हणाला, तू नसतास तर आम्ही काय केलं असतं! मी म्हटलं, मुदीर, तुम्ही बसा, मी आहे. अख्खी कंपनी माझ्या मुठीत आहे, आई. मुदीरला काय कळतंय त्यातलं!” आणि पाठोपाठ माझं हसणं. एखाद्या संस्थानिकाला शोभेल असं.

मराठी त्यांना येत नव्हतं. पण ‘मुदीर’ हा शब्द अरबीच होता, आणि मी तो मनसोक्त वापरला होता.

“मेरा नाम बोलता?”

“येस सर. तारीफ.”

“हंसता क्यूं?”

“खुशीने, सर.”

त्यांनी टेप बंद केला. “ये तेरा फॅमिली. मेरा कंपनी किधर?”

“सर, कंपनी गावाला गेली.”

सगळं सांगितलं. फळी, पुडकं, चाचा. ते ऐकत होते, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की खरी भीती पुढेच आहे. कॅसेट आईला मिळून दिवस झाले असणार. आणि कॅसेट मिळाली की आई काय करते? उत्तर भरते. तिचा एक शब्द त्या फितीवर चढला की तेवढे एसी बहरीनमधून नाहीसे. तिने आमसुलांची कहाणी सांगायला घेतली, तर जुफैरचा अख्खा भाग गेला.

तारणार असेल तर ती खिट्टी. मी ती सरकवली होती का? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. परिच्छेद आठवला. त्यातला स्वल्पविराम आठवला. खिट्टी आठवेना.

“फोन कर,” मुदीर म्हणाले आणि स्वतःच्या टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. शेजारीच माझ्या व्हिसाचे कागद होते, वर जाड काचेचा पेपरवेट.

गावच्या दुकानदाराने आधी माझीच खुशाली विचारली, मग हवापाण्याची, मग म्हणाला, थांब, बोलावतो. मी फोन ठेवला, थोड्या वेळाने पुन्हा लावला. आई धापा टाकत होती.

“हालो! बाबू? काय झालं रे? पोर बरी हाय ना?”

“सगळे बरे आहेत, आई. कॅसेट मिळाली का?”

“मिळाली की. चाचा सोता येऊन देऊन गेले. साबन चांगला हाय. पन बाम येवढा कशाला धाडतोस? माजे गुडगे दोनच हायत.”

“ऐकलीस कॅसेट?”

“ऐकली. नुसतं किर्रकिर्र, किर्रकिर्र. मी म्हटलं, पोराच्या घशाला झालंय तरी काय.”

“आई, तिच्यावर काही भरलं नाहीस ना?”

“भरनार व्हते. टेप लावला, ता लाल बटन दाबलं. दबंचना.”

खिट्टी! खिट्टी सरकवली होती! मी मुदीरकडे बघून अंगठा वर केला.

“मग बाजूची म्हनाली, त्या भोकात कागदाचा बोळा घाल, म्हंजे दबतं.”

अंगठा खाली आला. ही युक्ती तेव्हा घरोघर माहीत होती. गाण्यांच्या विकतच्या कॅसेटींवर आम्ही सगळ्यांनी असेच बोळे घालून आपापले आवाज भरले होते. माझ्या प्लॅनमध्ये क्षेपणास्त्र होतं. बोळा नव्हता.

“घातलास, आई?”

“घातला.”

मला मुलीची शाळा दिसली, तिचा युनिफॉर्म दिसला, विमानतळ दिसला. घराजवळच होता म्हणा.

“मग?”

“मग काडला.”

“का गं?”

“आता काय सांगू तुला. बटनावर बोट ठेवलं नि म्हटलं, तू येवढं भरून धाडलंस, ता पुरतं न ऐकताच पुसायचं कसं? वाजत नसंल, पन भरलंयस तूच ना? मग बसून सगळी ऐकली. ही बाजू, ती बाजू. मला आपलं वाटायचं, आता बोलशील, मग बोलशील. बाजूची म्हनाली, म्हातारे, तुला याड लागलं. म्हटलं, लागू दे.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मुदीर पुढे वाकले. “क्या बोलता मदर?”

“येस, सर,” मी म्हणालो. एवढंच निघालं.

“हालो? हाईस का गेलास?”

“आहे, आई. कुठे ठेवलीयस कॅसेट?”

“बुद्धाच्या फोटोपुढं. पन मेनबत्तीपासून लांब ठेवलीय, वितळंल म्हनून.”

“तिथेच राहू दे. कुणाला हात लावू देऊ नको. चाचा न्यायला येतील.”

“न्यायला? मग मी काय ऐकू?”

लाइनच कटली म्हणून सुटलो, आणि बोळ्यासकट सगळं मुदीरना सांगितलं.

पुढचे दिवस कंपनी मिस्त्रींच्या आठवणीवर आणि खिशातल्या चिठ्ठ्यांवर चालली. एका बंगल्यात दोनदा माणसं गेली, बुदैयाच्या एका शेतघरात कुणीच गेलं नाही, आणि तिथल्या मालकाचं अरबी मला फार चांगलं समजलं. कागद पेपरवेटखालीच राहिले. मुदीर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रोज मला बघून फक्त विचारायचे, “गाव से आया?”

तिकडे चाचांनी रजेतले तीन दिवस माझ्यासाठी घालवले. दुकानात फोन करून मी त्यांना निरोप ठेवला होता. ते होडीने खाडी ओलांडून आईकडे गेले, कॅसेट घेतली, मुंबईच्या एसटीला बसले, आणि विमानतळाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला गाठून म्हणाले, बाबा, बहरीनला चाल्लास ना? एवढं मुहर्रकला दे. पत्ता विचारायची त्या माणसाला गरज पडली नाही. तोही कोकणातलाच. विमानातून उतरला तो बॅग घेऊन सरळ आमच्या दारात. ज्या वाटेने कंपनी गेली होती, त्याच वाटेने परत आली.

पुडकं आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं होतं. आत कुळथाचं पीठ, वाळवलेली आमसुलं, आणि मधोमध कॅसेट. पाठीवर खाच. भोकात कागदाचा एक कण अजून अडकलेला.

“पापा, इट स्मेल्स लाइक आजी,” मुलगी म्हणाली.

ऑफिसात मी कॅसेटवरचं पीठ फुंकलं, ब्रशने कोपरे साफ केले आणि यंत्रात सारली. या वेळी ती बाहेर आली नाही. यंत्र घरघरलं. पडद्यावर एकेक इमारत उतरू लागली: मुहर्रक, बुदैया, जुफैर. मुदीर माझ्यामागे उभे होते. शेवटची ओळ आली तेव्हा ते “अल्हम्दुलिल्ला” म्हणाले, जाऊन पेपरवेट उचलला आणि सही केली. मग माझा प्लॅन मागवला. म्हणाले, यात एक जागा वाढव. ऑफिसच्या बाहेर कॅसेट ठेवायला बेस्ट जागा कुठली?

“मदर का घर,” ते म्हणाले. “उधर बोळा भी निकालता है.”

प्रत्यक्षात आम्ही दुसऱ्या शाखेतल्या लोखंडी कपाटाची सोय केली, आणि माझ्या घरातून कॅसेटींना कायमची रजा मिळाली. निघताना मुदीरनी आमची ती घरगुती कॅसेट परत दिली. “मदर को भेज. वो वेट करता है.”

माझा मूळ विचार होता की माझं भाषण पुसून नवीन काहीतरी साधं बोलावं. टेपसमोर बसलो, लाल बटण दाबलं, आणि काय बोलावं ते कळेना. आई त्या किर्रकिर्रीत माझा आवाज शोधत बसली होती, हे मनातून जाईना. बायको खुणा करत होती, बोला, बोला, फीत संपतेय. शेवटी मी झालेली सगळी हकीकत सांगितली. डिस्क कशी गेली, मुदीर काय म्हणाले, सही कशी झाली, मुदीर पुन्हा काय म्हणाले.

पुढच्या माणसाबरोबर कॅसेट गेली, त्याच्या पुढच्या माणसाबरोबर उत्तर आलं. आम्ही तिघं टेपभोवती बसलो. आईने आधी आमसुलांचं सांगितलं, मग मुलीला इंग्रजी कवितेबद्दल शाबासकी दिली, मग माझ्याकडे वळली.

“बाबू, ही कॅशेट चांगली वाजली. तुजा आवाज आयकून बरं वाटलं. पन सगळी मुदीर, मुदीर, मुदीर. तुजं काय ता कायच नाय. त्यापरीस ती किर्रकिर्र बरी व्हती. तिच्यात तुजा सायब तरी नव्हता.”

बायको हसून हसून आडवी झाली. आणि मी आजतागायत आईला सांगितलेलं नाही की त्या किर्रकिर्रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत साहेबाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.